आरोपांचं इंग्रजी शिकवणारा दादरचा वीकेंड क्लास: पैसे वसूल, पण झेरॉक्स जुनी

फी जास्त आहे हे आधीच सांगतो. तरी क्राइम बीटवाले, एचआरवाले आणि किल्ला कोर्टात ज्युनिअर म्हणून राबणारे, यांनी हा क्लास करावाच. दादर वेस्टला, स्टेशनवरून चालत जाता येतं. विषय एकच: संशय, आरोप, गुन्ह्यात गोवणं, हे सगळं इंग्रजीत बरोबर कसं लिहायचं.

सर व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवत नाहीत, केस जशी पुढे सरकते तसे शब्द येतात. आधी सस्पेक्ट, मग अक्यूज, मग चार्ज, शेवटी कन्व्हिक्ट (दोषी ठरवणं) नाहीतर अक्विट (निर्दोष सोडणं). अक्यूज काय, सोसायटीतले काकासुद्धा पार्किंगवरून रोज करतात, पण चार्ज करायला पोलीस आणि कोर्ट लागतं, आणि त्यातही पोलिसांनी चार्जशीट टाकली म्हणजे कोर्टाने चार्ज फ्रेम केले, म्हणजे आरोप निश्चित केले, असं होत नाही. डिस्चार्ज आणि अक्विट यावर तर सरांनी अख्खं लेक्चर घेतलं आणि ते बेस्ट होतं. चार्ज फ्रेम व्हायच्या आधीच सुटला तर डिस्चार्ज, खटला चालून सुटला तर अक्विट, आणि आपल्याकडे बातमीत दोघंही सरसकट ‘निर्दोष’. इंडाइट (औपचारिक आरोप ठेवणं) हा शब्द अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीच्या बातम्यांत ठीक, आपल्या सेशन्स कोर्टाच्या बातमीत घुसवू नका म्हणाले.

मग अक्यूज ऑफ, चार्ज विथ, ब्लेम फॉर, इम्प्लिकेट इन, हे घोटून घेतात. ‘चार्ज्ड फॉर थेफ्ट’ लिहिलं तर चोरीचं बिल लावल्यासारखं वाटतं, हे ऐकून सगळी बॅच हसली, पण लक्षात राहिलं ना! इम्प्लिकेट म्हणजे खोटंच गोवलं असं नाही, पुरावाही एखाद्याला इम्प्लिकेट करतो, म्हणून तर वकील मुद्दाम ‘फॉल्सली’ जोडतात. आणि अलेज्ड, म्हणजे ‘कथित’, कुठे लावायचं? शटर तोडलंय, माल गायब आहे, पंचनामा झालाय, म्हणजे चोरी झालीच की, अलेज्ड असेल तर तो चोर. अलेजेडली टाकलं की बदनामीच्या केसमधून सुटलो असं समजणाऱ्यांना तर सरांनी झापलंच. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या, जागी आलेला कायदा) कलम ३५६ मध्ये उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, त्यामुळे आडून मारलेला टोमणाही महागात पडतो.

आता वैताग. नोट्स अजून आयपीसीच्याच! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं, सर तोंडी बरोबर सांगतात पण झेरॉक्स तीच जुनी. मान्य, त्याआधीच्या गुन्ह्यांच्या केसेस आयपीसीखालीच चालतायत, मग दोन्ही कलमं शेजारी शेजारी छापा ना, एवढी फी घेता तर. दुसरं म्हणजे डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीची स्वतःची खातेनिहाय चौकशी. कामगाराला ऑफिसातून चार्जशीट मिळते ती वेगळी, तिचा पोलीस केसशी संबंध असेलच असं नाही, आणि कंपनीत काम करणाऱ्यांना खरी गरज त्याचीच असते, तो भाग शेवटच्या लेक्चरला घाईघाईत उरकला.

स्पोकन इंग्लिश सुधारेल या आशेने जाऊ नका, बोलून घेत नाहीत, लिहूनच घेतात. शक्यतो सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी खालच्या फेरीवाल्यांच्या आवाजात मागच्या बाकावर काही ऐकू येत नाही.