निळं पाणी दाखवून लावलेला चुना

पोहण्याचा पूल साफ करणाऱ्याच्या बिलात लिहिलं होतं: हायपो (पाण्यात टाकायचं द्रव क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट) १२ टक्के, ३५ लिटरचे ४ कॅन, लिटरला ४० रुपये. झाले ५,६०० रुपये. रक्कम बाजूला ठेवा. या एका ओळीतच सगळी लबाडी आहे, फक्त गुणाकार करायचा. आमचा पूल ५०,००० लिटरचा. १२ टक्के हायपोच्या एका लिटरात साधारण १२० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १४० लिटरांत १६,८०० ग्रॅम. एवढं ५०,००० लिटर पाण्यात पडलं तर क्लोरीन होतं ३३६ पीपीएम, म्हणजे लिटरला ३३६ मिलिग्रॅम. पोहण्याच्या पाण्यात ते एक ते तीनच्या आसपास ठेवतात. खरंच एवढा हायपो पडला असता तर शेवाळ सोडाच, पाण्यात पडलेला रंगीत टॉवेल पांढराफटक होऊन वर आला असता. आमचं पाणी मात्र पालकाच्या सूपसारखं हिरवंच.

बंगला कर्जतच्या पुढे, सासऱ्यांनी हौसेने बांधलेला. तिकडे पावसाळ्यात पूल हिरवा होणं काही नवीन नाही. वीज जाते, पंप बंद पडतो, डोंगरावरची माती आणि पालापाचोळा वाहून येतो, पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ होतं. शेवाळाला आणखी काय हवं? दोन दिवसांत पायऱ्या बुळबुळीत होतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तळ दिसेनासा होतो. या काळात त्या भागात पूल साफ करून देणाऱ्यांचं पेव फुटतं. आमच्याकडे आलेला माणूस शेजारच्या बंगल्याच्या ओळखीने आला. छातीवर छापील नाव असलेला टी-शर्ट, हातात टेस्ट किट, तोंडात साखर. "ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. उद्या सकाळी पाणी बघा."

आणि सकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलासुद्धा. पाणी निळंशार, तळाच्या फरशा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. मागोमाग क्यूआर कोड. पैसे गेले ते कुणाच्या तरी खासगी नावावर, बिल म्हणजे वहीच्या पानाचा फोटो, जीएसटी नंबर नाही.

आता या जादूचं गुपित. रात्री पाण्यात भरपूर तुरटी टाकून पंप बंद ठेवला की शेवाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. सकाळी वरचं पाणी नितळ दिसतं. ही पद्धत मुळात खोटी नाही. पण तळाचा तो गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढून टाकावा लागतो, आणि हे काम कंटाळवाणं, पाणी वाया घालवणारं. आमच्या पठ्ठ्याने ते केलंच नाही. शेवाळ मेलं नव्हतं, नुसतं झोपलं होतं. पंप सुरू केला, वरून एक सर आली, आठवड्याच्या आत पाणी पुन्हा हिरवं.

निळा रंग कुठून आला, ते निफाडच्या मामांनी शोधून काढलं. व्हिडिओ पाहून ते लगेच पोहायला आले होते. दोनदा पोहल्यावर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांना हिरवट झाक आली. मामींनी त्यावरून त्यांना किती छळलं ते इथे लिहीत नाही. मामांचा जन्म द्राक्षबागेत गेलेला. पंपाच्या खोलीत ठेवलेला "इम्पोर्टेड अल्गीसाइड"चा, म्हणजे शेवाळनाशकाचा, कॅन त्यांनी उघडला, बोटभर निळं पाणी स्टीलच्या वाटीत घेतलं आणि म्हणाले, "अगं, हा मोरचूद आहे. आम्ही बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालतो तो." मग एक लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला आणि निम्मा त्यात बुडवून ठेवला. चहा होईपर्यंत खिळ्याच्या बुडालेल्या अर्ध्या भागावर लालसर तांब्याचा थर चढला होता, वरचा अर्धा तसाच पांढरा. लोखंड मोरचुदातलं तांबं ओढून घेतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. तांबं शेवाळाला रोखतं हे खरं, काही शेवाळनाशकांत ते असतंही. पण मोजून नाही टाकलं तर ते पाण्यात साचतं, पांढऱ्या केसांना रंग देतं आणि फरशांच्या सांध्यांवर डाग पाडतं. आमच्या पायऱ्यांच्या पांढऱ्या ग्राउटवरचे निळसर-हिरवे डाग अजून गेलेले नाहीत. तुरटी आणि मोरचूद, दोन्ही कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या आसपास मिळणाऱ्या वस्तू. आम्ही पैसे मोजले ते परदेशी औषधाचे.

पूलवाल्याला फोन केल्यावर उत्तर तयार होतं: "ताई, ही शेवाळाची जात हट्टी आहे. हेवी डोस द्यावा लागेल." मग ते चार कॅन आले. बंगल्यावर राहणाऱ्या आमच्या माळ्याने तेव्हाच सांगितलं, "वहिनी, पंचायतीच्या टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं झाकण उघडलं तरी डोळ्यांतून पाणी येतं. ह्याला तर वासच नाही." नुसत्या वासावरून टक्केवारी ठरत नाही, म्हणून मी मोजायचं ठरवलं. ही मोजणी कुणालाही घरी करता येते. २० लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार घ्यायचा, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने त्यात अर्धा मिलिलिटर हायपो सोडायचा, नीट ढवळायचं आणि डीपीडी किटने, म्हणजे गुलाबी रंग येतो त्या किटने, क्लोरीन बघायचं. हायपो १२ टक्के असेल तर जारात ३ पीपीएम येतं, १० टक्के असेल तर अडीच. आमच्या किटवर रंग आला ०.५ चा. म्हणजे दोन टक्के! जारातल्या पाण्यात आधीचं क्लोरीन नाही ना, हे मात्र आधी तपासून घ्या.

एक गोष्ट त्याच्या बाजूनेही सांगायला हवी. हायपो उन्हात आणि उष्णतेत आपोआप उतरतो. पत्र्याखाली पडून राहिलेला कॅन १२ वरून बराच खाली येऊ शकतो, त्यामुळे नऊ-दहा टक्के निघाले असते तर मी गप्प बसले असते. पण "आजच फॅक्टरीतून आलाय" असं सांगितलेला कॅन दोन टक्क्यांवर उतरत नाही. तो नळाखाली धरलेला असतो.

यानंतरचा घास सर्वांत मोठा होता. "पाणी मेलंय ताई. पूर्ण बदलावं लागेल." म्हणजे १०,००० लिटरचे पाच टँकर, कारण बोअरच्या पाण्यात लोह आहे म्हणे, शिवाय फिल्टरमधली वाळूही नवीन. बाहेर जुलैचा धो धो पाऊस पडतोय आणि हा टँकर मागवतोय! पैशापेक्षा धोका वेगळाच होता. भर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. अशा वेळी पूल रिकामा केला तर खालून येणाऱ्या दाबाने फरशा उखडू शकतात, तळाला तडा जाऊ शकतो, टाकीच वर उचलली जाऊ शकते. पूलचं काम करणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. इथे आम्ही त्याला थांबवलं आणि शेवटचं बिल दिलं नाही. त्याचे तावातावाने फोन आले. मी ३३६ पीपीएमचा हिशेब आणि जाराचा फोटो पाठवला. फोन बंद झाले.

पाणी बदलायची वेळ खरंच येते, पण तिचं कारण मोजता येतं. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वर्षानुवर्षं टाकत राहिलं की सायन्युरिक ॲसिड साचतं आणि मग क्लोरीन असूनही काम करत नाही. त्यावर थोडं पाणी काढून नवीन भरणं हाच उपाय. त्या माणसाने हा आकडा कधी काढलाच नव्हता. आम्ही काढला तर तो ३० पीपीएम निघाला, काळजी करण्यासारखा नाही.

पूल शेवटी हायपोनेच साफ झाला. खोपोलीतल्या एका दुकानातून उत्पादनाची तारीख बघून एक कॅन आणला, जाराची चाचणी केली. सायन्युरिक ३० असताना शेवाळ मारायला क्लोरीन १२ पीपीएमपर्यंत न्यायचं, म्हणजे ५०,००० लिटरला ६०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५ लिटर. चाळीस रुपयांनी धरलं तरी २०० रुपये. आधी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणला. हायपो संध्याकाळी टाकायचा, कारण दिवसाचं ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. पंप सुरू ठेवायचा, भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासायच्या, फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायचा, तळचा गाळ व्हॅक्यूमने बाहेर. क्लोरीन १२ च्या खाली आलं की पुन्हा तेवढ्यापुरतं टाकायचं. पाणी आधी हिरव्याचं राखाडी होतं, मग दुधी, मग स्वच्छ. रात्री मोजलेलं क्लोरीन सकाळी एक पीपीएमपेक्षा जास्त उतरलं नाही की समजायचं, शेवाळ संपलं. "उद्या सकाळी बघा" म्हणणाऱ्याकडे हा रात्रीचा आणि सकाळचा आकडा मागा. आणि कॅन उघडायच्या आधी त्यातला अर्धा मिलिलिटर मागा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे छापील बिल लागतंच असं नाही, पण यूपीआयची नोंद आणि चॅट जपून ठेवा. बंगला वीकेंडला भाड्याने देत असाल तर समोरचा "हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही" असा मुद्दा काढू शकतो, हे आधीच लक्षात घ्या.

असा कुणी तुमच्याकडे काम करून गेला असेल तर पंपाची खोली आजच उघडून बघा. आमच्याकडे त्याने हायपो आणि ॲसिडचे कॅन एकमेकांना खेटून ठेवले होते, दोन्ही पांढरे, दोन्हींवर चिठ्ठी नाही. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत माणूस जीवानिशी जाऊ शकतो. टीसीसीए आणि टीसीएल पावडरही एका डब्यात, एका मापाने काढू नका, ती एकत्र आली तर पेट घेऊ शकतात. आम्ही ॲसिड बाहेरच्या पडवीत कुलपात हलवलं आणि प्रत्येक कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, मराठीत, म्हणजे माळ्यालाही वाचता येईल.