चढ, उतार आणि पऱ्या: कोकणात फोर-बाय-फोर मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

कलमांच्या बागेत उतरणारी जांभ्याची घाटी, जुलैत शेवाळलेली गडग्यालगतची वाट, भरून वाहणारा पऱ्या, खाजणाच्या कडेचा चिकट चिखल आणि बंदराकडे जाताना लागणारी भुसभुशीत पुळण. कोकणात फोर-बाय-फोरला खरे काम पडते ते या ठिकाणी, आणि गिअरबॉक्स निवडायचा तोही यांच्याकडेच बघून. शोरूमच्या ट्रायलमध्ये डांबरी रस्त्यावर दोन्ही गाड्या चांगल्याच वाटतात.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. चढ, वाळू आणि गर्दी यांत ऑटोमॅटिक सरस. उतार, पाणी आणि दुरुस्ती यांत मॅन्युअल. तुमच्या रोजच्या वाटेवर यातले काय जास्त आहे, त्यावर निर्णय ठरतो.

काही वेळा मात्र गाडीच निर्णय घेऊन टाकते. फोर्स गुरखा फक्त मॅन्युअलमध्ये मिळते. मारुतीची जिप्सी आणि २०२० पूर्वीची थार याही मॅन्युअलच, त्यामुळे कमी पैशांत जुनी फोर-बाय-फोर शोधणाऱ्यासमोर हा प्रश्न क्वचितच येतो. खरी निवड करावी लागते ती २०२० नंतरची थार (दोन्हीकडे सहा गिअर), थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर आणि जिम्नी (मॅन्युअलला पाच, ऑटोमॅटिकला चार गिअर) यांच्यात. नव्या गाडीत ऑटोमॅटिकसाठी साधारण लाख-दीड लाख रुपये जास्त मोजावे लागतात. बुकिंगआधी एक गोष्ट नक्की तपासा. थार आणि रॉक्स या दोन्ही नावांखाली फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्याही विकल्या जातात. ट्रान्स्फर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारी तिच्यातली जादा पायरी) नसेल, तर पुढची सगळी चर्चा त्या गाडीला लागू नाही.

आणखी एक खुलासा. इथे ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणारी. वर दिलेल्या गाड्यांत तीच येते. एएमटी म्हणजे साधा क्लच, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते. चढावर इंच-इंच सरकताना तो मॅन्युअलइतकाच जळतो आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. घाटीसाठी एएमटी घेऊ नये.

चढाचे गणित वेगळे, उताराचे वेगळे

जिम्नीचे आकडे घेऊ, कारण फरक त्यात स्वच्छ दिसतो. मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचा शेवटचा गिअर) ४.०९ आणि लो रेंज २.००२. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३६ येतो. म्हणजे इंजिनाचे ३६ फेरे झाले की चाकाचा एक. ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर २.८७५, डिफरन्शियल ४.३ आणि लो रेंज तीच, म्हणून गुणाकार सुमारे २५. कागदावर मॅन्युअल खूपच पुढे दिसते.

पण गाडी थांबलेली असताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर साधारण दुप्पट करून पुढे देतो. त्यामुळे दगडावर चाक टेकवून उभी असलेली ऑटोमॅटिक जिम्नी २५ च्या नव्हे, जवळजवळ ५० च्या हिशेबाने जोर लावते. शिवाय हा जोर सलग येतो. झटका बसत नाही, चाक एकदम फिरत नाही आणि ओल्या जांभ्यावर धरलेली पकड सुटत नाही. मॅन्युअलमध्ये हेच काम क्लच अर्धवट दाबून करू गेलात की दोन-तीन मिनिटांत जळका वास येतो. डावा पाय मोकळा असल्याने ऑटोमॅटिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून हलका ब्रेकही धरता येतो. काही गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिन जोर कमी करते, तेवढे मोकळ्या जागी करून पाहा.

आता तीच गाडी घाटी उतरू द्या. कन्व्हर्टर जोर दुप्पट करतो तो इंजिन चाकांना ओढत असताना. उतारावर चाकेच इंजिनाला ढकलत असतात, तिथे ती दुप्पट नाहीशी होते आणि उरतात फक्त दातांचे आकडे: ३६ विरुद्ध २५. लो रेंज, पहिला गिअर, तिन्ही पेडलांवरून पाय बाजूला, एवढ्यावर मॅन्युअल गाडी माणसाच्या चालीने उतरते. ऑटोमॅटिक जरा जोरात उतरते आणि ब्रेकची मदत मागते. शेवाळावर ब्रेक म्हणजेच घसरण्याचे निमंत्रण. चाक अडकले की स्टिअरिंगही ऐकत नाही आणि गाडी थेट गडग्यावर जाते.

हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडीचा वेग आपोआप धरणारी यंत्रणा) ही उणीव बरीच भरून काढते. ती एकेक चाकाचा ब्रेक सेकंदात अनेक वेळा धरते-सोडते, माणसाच्या पायाला ते जमणारे नाही. पण काम ब्रेकच करतात, म्हणून लांब उतारावर ते तापतात. ऑटोमॅटिक घेतली, तर उतरण्याआधी गिअर ‘एल’मध्ये (लो) किंवा मॅन्युअल मोडच्या पहिल्या गिअरमध्ये टाकायची सवय लावा. ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) गाडी स्वतःहून वरचा गिअर घेते आणि इंजिनाची अडवणूक सुटते. मॅन्युअलवाल्यांची चूक याच्या उलट असते. उतारात घाबरून क्लच दाबला जातो, इंजिन सुटते आणि गाडी धावत सुटते. उतारावर क्लचला पाय लावायचा नाही.

चढ अर्ध्यात फसला तर? मॅन्युअलमध्ये इंजिन बंद पडले असेल, तर ब्रेक दाबून धरा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण सोडा आणि मग ब्रेक हळूहळू सैल करा. गाडी सरळ रेषेत, इंजिनाच्या धाकात मागे येते. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही अशा गाड्यांत, गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारायची जुनी युक्ती चालत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन सहसा बंद पडत नाही, नुसते ‘आर’ टाकून ब्रेकवर मागे यायचे. नवशिक्यासाठी हा फार मोठा फरक आहे. दोन्ही गाड्यांत गाडी आडवी वळवायचा मोह मात्र टाळा, चढावर गाड्या उलटतात त्या तिथेच.

लो रेंजचा दांडा टाकताना मध्ये न्यूट्रल लागतो. त्या क्षणी ऑटोमॅटिकचा ‘पी’ (पार्क) किंवा मॅन्युअलमध्ये टाकलेला गिअर गाडीला धरून ठेवत नाही, कारण चाकांशी त्याचा संबंधच तुटलेला असतो. हँडब्रेक ओढल्याशिवाय उतारावर तो दांडा हलवू नका. घरासमोरच्या चढणीवर ऑटोमॅटिक लावताना आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, ब्रेकवरून पाय काढून वजन हँडब्रेकवर येऊ द्या आणि सगळ्यात शेवटी ‘पी’. नाहीतर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतो.

पुळण आणि चिखल

वाळूत गती तुटली की गाडी रुतते. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात पुळण गाडीला थांबवते. म्हणून आधीच फोर-लोचा (चारही चाके, लो रेंज) दुसरा किंवा तिसरा गिअर निवडून, तो न बदलता पार व्हायचे. ऑटोमॅटिकमध्ये ही चिंता नाही, जोर अखंड राहतो.

तिचे दुखणे उष्णतेचे. वाळूत कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ती सगळी घसरण गिअरबॉक्सच्या तेलात उष्णता होऊन उतरते. तेल नेहमीच्या चालीत ८० ते १०० अंश सेल्सिअसला असते. १२० च्या वर गेले की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. लोक फोर-हायमध्ये (चारही चाके, नेहमीची रेंज) अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहतात, तिथेच बिघडते. फोर-लो टाका, कन्व्हर्टरवरचा भार निम्मा होतो. इशारा दिवा लागला तर इंजिन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये १००० ते १५०० आरपीएमवर चार-पाच मिनिटे चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. रुतलेली गाडी ‘डी’ आणि ‘आर’ आलटून-पालटून झुलवताना प्रत्येक वेळी चाक पूर्ण थांबू द्या.

चाकांतली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली, तर दोन्ही गिअरबॉक्सचे अर्धे कष्ट वाचतात. परत भरायला छोटा कंप्रेसर गाडीत हवाच. आणि पुळणीवर गाडी नेणे ही हौस नसावी. बऱ्याच किनाऱ्यांवर त्याला मनाई आहे, आणि वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात. चाकाखाली काय आहे हे वरून दिसत नाही.

पऱ्या ओलांडताना

गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर होण्याची नळी), सीलमधून पाणी आत ओढले जाते. मॅन्युअलच्या तेलात थोडे पाणी गेले तर तेल दुधाळ होते. लगेच बदलले की बहुधा निभावते. ऑटोमॅटिकचे तेल गुलाबी, फेसाळ दिसू लागते आणि आतल्या क्लच प्लेटांचे अस्तर सुटायला लागते. ही दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. त्यामुळे ऑटोमॅटिक घेणाऱ्याने गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर पाइप बॉनेटखाली उंचावर आणून घ्यावेत. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे थांबून गाडी निवू द्यावी. थारला कंपनी ६५० मिलिमीटर खोली सांगते, पण हा आकडा संथ पाण्याचा. पावसातला पऱ्या गुडघ्याला लागत असेल आणि पायाला ओढत असेल, तर थांबा. इथले पऱ्ये पाऊस उघडला की दोन-तीन तासांत उतरतात.

मॅन्युअलचा पाण्यातला नियम एकच: क्लच दाबू नका. दाबलात की प्लेट आणि फ्लायव्हीलच्या फटीत गढूळ पाणी शिरते आणि ऐन मध्यावर क्लच घसरतो. पाण्यातून आलेली गाडी तशीच महिनाभर उभी ठेवली, तर प्लेट गंजून चिकटते. मुंबईला राहून गावी गाडी ठेवणाऱ्यांना हा त्रास होतो. लावण्याआधी दोन-चार किलोमीटर फिरवून सगळे वाळू द्या.

गॅरेज, गर्दी आणि फेरीबोट

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तालुक्याच्या गावातला चांगला मेकॅनिक बदलून देतो. ऑटोमॅटिकच्या पोटातले काम निघाले, तर गाडी बहुधा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जाते, तीही फ्लॅटबेडवर. बॅटरी उतरली तर मॅन्युअल ढकलून सुरू होते, ऑटोमॅटिकला जंपर केबलच लागते. भर पावसात, रेंज नसलेल्या वाडीत हे लहान कारण नाही. खाऱ्या हवेत ऑटोमॅटिकच्या तेलाच्या कूलरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्याही गंजतात. दर सर्व्हिसला त्या बघायला सांगा. तेल ‘आयुष्यभराचे’ आहे असे कोणी म्हणाले, तरी अशा वापरात ४० ते ६० हजार किलोमीटरला बदला. एका निचऱ्यात साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच बाहेर येते, हेही लक्षात असू द्या.

उलट गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर आठ-दहा तास क्लच दाबत आलेला माणूस ऑटोमॅटिकच मागतो, आणि त्याचे बरोबर आहे. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर चढतानाही तेच. रॅम्प ओला, भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा कल बदललेला, मागे दुसरी गाडी खेटून. तिथे नुसत्या ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी सरकवणे फार सोपे जाते. मायलेजचा मुद्दा मात्र सोडून द्या: जिम्नीचे प्रमाणित आकडे मॅन्युअलला १६.९४ आणि ऑटोमॅटिकला १६.३९ किलोमीटर प्रतिलिटर आहेत.

कोणी काय घ्यावे

घरची कलमे सड्याखाली आहेत, पेट्या भरलेली गाडी रोज तीच घाटी चढते-उतरते, वाटेत पऱ्या आहे आणि चालवणारा एकच, सरावाचा माणूस आहे: डिझेल मॅन्युअल घ्या. थारच्या डिझेलला ३०० न्यूटन-मीटर जोर १६०० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणून क्लच फारसा न घासता ती निघते. मुंबई-पुण्यात राहून वर्षातून सहा-आठ वेळा येणार, घरातले तिघे-चौघे आळीपाळीने चालवणार, कोणाचा गुडघा दुखतो आहे: ऑटोमॅटिक घ्या आणि ब्रीदरचे काम पहिल्याच महिन्यात करून घ्या. पेट्रोल जिम्नी घेणाऱ्याचा कौल आम्ही ऑटोमॅटिककडे देऊ. १३४ न्यूटन-मीटरचा जोर तिला ४००० आरपीएमला मिळतो, त्यामुळे हाय रेंजमध्ये चढावर नवख्याच्या हातून क्लच घासला जातो. तुमची वाट बहुतांश तीव्र उताराची असेल, तर मात्र मॅन्युअल जिम्नीचे ३६ वाया घालवू नका.

जुनी घेत असाल तर मॅन्युअलमध्ये हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला क्लच सोडा. इंजिन ताबडतोब बंद पडले पाहिजे. रेंगाळले तर क्लच संपला आहे. ऑटोमॅटिकचे तेल पाहा: लालसर आणि बिनवासाचे चांगले, काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर व्यवहार सोडा. ब्रेक दाबून धरून ‘एन’मधून (न्यूट्रल) ‘आर’ टाका. गाडीने एका सेकंदाच्या आत पकड घ्यायला हवी. नंतर ४० ते ७० च्या वेगात हलका पाय ठेवून चालवा आणि रस्ता खडबडीत नसतानाही थरथर जाणवते का ते बघा. आणि ही सगळी तपासणी गाडी अर्धा तास चालवून गरम झाल्यावर करा, थंड गाडीत घसरणारा गिअरबॉक्सही नीट वागतो.