हायब्रिड की हार्डटेल : नोकरीची वाट आणि डोंगराची पायवाट

छत्रपती संभाजीनगरातून रोज वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने जाणाऱ्या आणि रविवारी दौलताबादच्या परिसरातील पायवाटा धुंडाळणाऱ्या माणसासमोर साधारणपणे दोन पर्याय असतात. हायब्रिडला, म्हणजे रस्त्यावरची सायकल आणि माउंटन बाइक यांचा मेळ घातलेल्या सायकलला, ७०० सी (चाकाचे एक प्रमाणित माप) मापाची, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीची टायर असतात. हार्डटेलला, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकला, २७.५ किंवा २९ इंची चाकांवर दोन इंचांहून रुंद, खाचदार टायर येतात.

डांबरी रस्त्यावर हायब्रिड निःसंशय सरस ठरते, कारण तिच्या गुळगुळीत टायरना रस्त्याचा विरोध कमी होतो आणि कॅरिअर, मडगार्डही सहज बसतात. मुरमाच्या कच्च्या वाटेवरही ती पुरेशी आहे. मात्र सुटे दगड आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या आल्या की हार्डटेलची रुंद टायर कमी हवेवर चालवता येत असल्याने पकड टिकते आणि मनगटांना हादरे कमी बसतात.

पावसाळ्यातील काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच आहे. ती चिकट माती टायर व फ्रेम यांच्यातील फटीत भरते आणि चाक जागीच थांबते. हार्डटेलमध्ये ही फट बहुधा मोठी असली, तरी भिजलेल्या शेतवाटेवर दोन्ही सायकली खांद्यावर घ्याव्या लागतात.

आठवड्यातले पाच-सहा दिवस डांबरावर जात असतील, तर मी ४० मिलिमीटर टायरची हायब्रिडच घ्यायला सांगेन. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक छिद्रे आपोआप बुजवणारा द्रव, मात्र पहिल्याच दिवशी भरून घ्यावे.