कम्पाउंड धुवायला बोलावलं आणि २७,००० गेले

"मशीननं घर धुऊन देतो, फुटाला फक्त ४ रुपये" असं म्हणत कोणी दारात आला, तर आधी विचारा: कोणता फूट, कोणती बाजू, किती हात? आणि तो बोलेल ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.

यंदा कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण, आमच्या घरी होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी येणार, आणि पावसानं कम्पाउंडवर शेवाळ, गच्ची काळीकुट्ट, पार्किंगच्या चेकर्ड टाइल्सवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. जळगावकडच्या लोकांना हा थर वेगळा सांगायला नको. रंगाला वेळ नव्हता, म्हणून धुवायचं ठरलं.

माणूस गोड बोलणारा. "अप्पा, आठ हजारांच्या आत आटपतो." मीही मनात हिशेब केला. गच्ची २४ बाय ३८ म्हणजे ९१२, पार्किंग ३००, कम्पाउंड गेट सोडून १५० फूट लांब, ५ फूट उंच म्हणजे ७५०. एकूण १,९६२ चौरस फूट, चारनं ७,८४८. जुळलं की! कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलंय माझं. मी अडाणी नाही, हे आधीच सांगतो, कारण आता सगळे मलाच शहाणपण शिकवतात.

तो टेप घेऊन भिंतीच्या आतून मोजून झाला, मग गेटबाहेर गेला आणि गल्लीकडूनही मोजायला लागला. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? मी! बाहेरची बाजू धुवायचीच नव्हती, तरी मोजतोय कशाला, हे तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "लांबीचा ताळा घेतो, अप्पा." ताळा म्हटल्यावर मुनीम माणूस गप्प बसणारच ना. मग गच्चीच्या कठड्यालाही आतून-बाहेरून टेप लागला. ३,००० अ‍ॅडव्हान्स दिला. कागदावर नुसतं "४/- फूट" लिहून तो गेला.

शनिवारी चार पोरं, मशीन, पाइप. पाणी आमचं, लाइट आमची. संध्याकाळी बिल आलं ३६,४०० चं. कम्पाउंड गेटसकट १६० फूट, दोन्ही बाजू, म्हणजे १,६००. कठडा दोन्ही बाजूंनी ७४४. गच्ची आणि पार्किंग धरून ३,५५६. त्याचे "दोन हात", एक केमिकलचा, एक पाण्याचा, म्हणून दुप्पट. वर अ‍ॅसिडचे २,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी. बिलावर जीएसटी नंबरच नाही! आपल्या राज्याचा नंबर २७ पासून सुरू होतो आणि १५ अंकी-अक्षरी असतो. तो छापलेला नसेल तर त्या नावाखाली एक रुपया देऊ नका.

तेव्हाच चुलतभावांच्या गाड्या दारात लागल्या. पाहुणे पिशव्या घेऊन उतरताहेत आणि हा मुद्दाम मोठ्यानं, "अप्पा, पोरांची मजुरी बुडवता का?" कानबाईच्या आदल्या रात्री दारात तमाशा कोण करील? तडजोड म्हणून आणखी २४,००० दिले. आई आतून म्हणाली, "इतला पैसा कसाले दिधा?" काय सांगणार तिला.

वर नुकसान वेगळंच. अ‍ॅसिड सिमेंट खातं. टाइल्सवरचं पांढरं गेलं, पण सिमेंटही गेलं, आता खडी दिसते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पापुद्र्यासारखं उडालं. आधी कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांवर धुऊन दाखवायला लावा. शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर अ‍ॅसिडचा कॅन गेटातच अडवा.

चौकीत गेलो. साहेब म्हणे, ही दिवाणी बाब, तुम्हीच राजीखुशीनं पैसे दिलेत. राजीखुशीनं! मग म्हणे, त्याचा पत्ता आणा. पत्ता माहीत असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का? दुसऱ्या एका कचेरीत खिडकीवरून टेबलाकडे, टेबलावरून वरच्या मजल्यावर, आणि वर साहेब मीटिंगला. एका बाबूनं तर बिल पाहून विचारलं, "पण धुतलं तर चांगलं ना?" हसत होता. अर्ज घेतला, पोच दिली नाही. लोक तक्रार करत नाहीत म्हणे! करायला गेलं की हे असं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मात्र कामाचं. आधी सल्ला हवा तर १९१५ हा फोन आहे. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतोच. म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधी आधार कार्डाचा नाही तरी गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. पैसे रोख देऊ नका, मी दिले. आणि जमलं तर फुटाचा भाव नकोच, सगळ्या कामाचा ठोक आकडा घ्या, अ‍ॅसिड आणि मजुरीसकट.

काल शेजारच्या भाऊंनी मला एक जाहिरात पाठवली. "घर चमकवा, फुटाला फक्त ३ रुपये", खाली धुण्याआधीचा आणि नंतरचा फोटो. भाऊंनी विचारलं, "काम झकास दिसतंय, बोलावू का?" फोटोतली भिंत माझी आहे. डाव्या बाजूला निळी टाकी आणि तुटका पन्हाळ दिसला, तर त्या नंबरवर फोन करू नका.