रंगाखालची लांबी

नोव्हेंबरात रात्री साडेनऊच्या सुमारास आर्णी-दारव्हा रस्त्यावर तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, थेट गाडीपुढे आला. रोही उठून पळाला, माझी 2009 ची वॅगनआर मात्र तिथंच बसली. बोनेट दुमडलं, डावा हेडलाईट फुटला, रेडिएटरचं पाणी रस्त्यावर. विमा फक्त थर्ड पार्टीचा. इतक्या जुन्या गाडीला पुरा विमा कोण उतरवतं? आणि रोह्याने केलेलं नुकसान थर्ड पार्टीत बसत नाही, म्हणजे खर्च सगळा आपलाच.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, काई टेन्शन घेऊ नोका. संक्रांतीच्या आंधी नवरीसारखी सजवून देतो." लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने हिशोब मांडला: नवा रेडिएटर, रेडिएटर ज्याच्यावर बसतो तो नवा सपोर्ट पॅनल, हेडलाईट, सेकंड बोनेट, डेंटिंग-पेंटिंग. 31,000 रुपये. नुकताच कापूस विकला होता, 20,000 हातावर ठेवले. पक्कं बिल मागितलं नाही. ओळखीचा माणूस, काय मागायचं!

गाडी आली तेव्हा अशी चमकत होती की शेजारच्या काकूंनी नवी घेतली का म्हणून विचारलं. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. मी गप्प बसलो. खरं तर तिथंच खटकायला पाहिजे होतं.

एप्रिलात यवतमाळला जाताना गाडीच्या तापमानाचा काटा वर चढला. ऊन त्रेचाळीसच्या वर. एका रस्त्याकडेच्या मेकॅनिकने बोनेट उघडलं, टॉर्च मारला आणि हसला. रेडिएटर नवा नव्हताच. वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडा होता, त्यावर एम-सील थापून काळा रंग मारलेला. उन्हाने तो सुटला होता.

मग त्याने टायर दाखवला. पुढच्या डाव्या टायरची आतली बाजू तारेपर्यंत झिजलेली, बाहेरची बाजू धडधाकट. तीन महिन्यांपासून गाडी डावीकडे ओढत होती. दोनदा चाकांची अलाइनमेंट केली, दोन्ही वेळा पैसे दिले.

घरी आल्यावर फुटक्या स्पीकरचा चुंबक काढला, फडक्यात गुंडाळला आणि गाडीवर फिरवला. दारावर टक्कन चिकटला. डाव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, ठेवला तर घसरून पायावर पडला. तिथं पत्रा खोल गेलेला तसाच होता, वरून बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला होता. सपोर्ट पॅनलही जुनाच, हातोडीने ठोकून सरळ केलेला. कंपनीच्या जोडावर स्पॉट वेल्डिंगचे बारीक गोल खड्डे एका ओळीत दिसतात. इथं गॅस वेल्डिंगचा ओबडधोबड थर होता आणि बोल्ट बसावेत म्हणून भोकं लांबट करून घेतलेली. आत चेसिसचा लेगच, म्हणजे सांगाड्याचा पुढचा दांडाच, वाकलेला, तो कोणी ओढून सरळ केलाच नव्हता. अलाइनमेंट बसणार तरी कशी?

तुमच्या गाडीचं तोंड फुटलं तर लांबी भरायच्या आधी, पत्रा उघडा असतानाच जाऊन पाहा. प्रायमर बसला की काही कळत नाही. बोनेटखाली दोन्ही बाजूंना शॉकअप जिथं बसतात, तिथून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत सुतळी लावा. दोन्ही तिरपी मापं सारखी आली पाहिजेत. जास्त फरक निघाला तर आधी चेसिस ओढून घ्या, बाकी नंतर. रेडिएटर, हेडलाईट स्वतः दुकानातून बिलावर आणा, जुने पार्ट घरी घेऊन या, भंगाराचे दोनशे रुपये गेले तरी चालतील.

ग्राहक आयोगात जायचं मनात आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. 1915 या हेल्पलाईनवरही बोललो. तिकडून पहिला प्रश्न आला: बिल आहे का? माझ्याकडे लग्नपत्रिका आहे. पुढच्या बाजूला गणपती, मागे 31,000, सही कोणाचीच नाही.

परवा आठवडी बाजारात तोच गॅरेजवाला भेटला. हातात वांग्याची पिशवी होती.

"काय भाऊ," तो म्हणाला, "कशी चालून रायली गाडी?"