कळक, पान, लाकूड की माती: रानात भांडं करायला आधी कोणतं शिकाल?

चकमक झाडून किंवा लाकडावर लाकूड घासून विस्तव करायचा नाद लागलेले चार-पाच जण माझ्या ओळखीत आहेत, सगळे पुण्यातले. विस्तव पेटतो, टाळ्या होतात, फोटो निघतात. मग कुणीतरी म्हणतं, चला, आता चहा टाकू. आणि पातेलं निघतं सॅकमधून, स्टीलचं. हातात काहीच नसेल तर पाणी कशात धरायचं हा प्रश्न विस्तवाच्या आधीचा, पण तो सुचतो नंतर.

हे शिकायला वेळ काढायचा म्हटलं तर आपल्याकडे चार वाटा आहेत: पानाचा द्रोण, कळकाचं, म्हणजे पोकळ बांबूचं, पेर, जाळून कोरलेला लाकडी वाडगा आणि मातीचं मडकं. सगळं एकदम शिकायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून निवड करावी लागते. ती करताना एक गोष्ट आधी ठरवा. पाणी पिणं, पाणी नेणं आणि पाणी उकळणं ही तीन वेगळी कामं आहेत. एकाच भांड्याने तिन्ही करावीत असा हट्ट धरला की निवड चुकते.

पान

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी मानाचं. आपल्याला वाटतं, द्रोण काय, तो तर लग्नाच्या पंगतीत पाहिलेला आहे. मलाही तसंच वाटायचं. वेल्ह्याकडे एका घराच्या ओट्यावर एक मावशी पत्रावळी लावत बसल्या होत्या. मीही दोन पळसाची पानं घेऊन द्रोण वळला आणि विचारलं, "मावशी, पाणी धरेल का हो?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "धरंल की. आधी पान सुलटं कर बाबा."

पळसाचं पान वरून गुळगुळीत आणि खालून लवदार असतं. गुळगुळीत अंग आत हवं, मी लवदार अंग आत घेतलं होतं. मग त्यांनी एक पान उभं, त्यावर एक आडवं ठेवलं, मधोमध अंगठा दाबला आणि चारी बाजूंनी कड उचलून घडी घातली. कुठेही फाडलं नाही. मी कोपरे कापायला निघालो होतो, तर माझा हात बाजूला सारला. घडी असेल तर पाणी थांबतं, कापलं की तिथूनच गळतं. प्रत्येक घडीत बांबूची बारीक काडी आत-बाहेर-आत अशी टोचून टोक नखाने मोडलं. टोचायची जागा कडेपासून बोटभर खाली, म्हणजे छिद्रं पाण्याच्या वरच राहतात. तीन मिनिटंही लागली नाहीत.

पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण जगाबद्दल वापरतो, पण झाडाबद्दलही ती खरीच आहे. एका देठावर तीन पानं, त्यातलं मधलं मोठं, तेच द्रोणाला घ्यायचं. अडचण हंगामाची आहे. फुलं येतात तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस निष्पर्ण असतो. तेव्हा वडाकडे वळायचं. वडाचं पान लहान आणि जाड असतं, त्याचा एकपानी शंकू होतो, घोटभर पाण्यापुरता. पावसाळ्यात कड्यांवर चवई, म्हणजे रानकेळ, मोठाली पानं घेऊन उभी असते. पण ती कड्यावर असते, आणि पानासाठी ओल्या कड्यावर चढणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. सागाचं पान मोठं दिसतं म्हणून मोह होतो, पण ते खरखरीत असतं आणि चुरगळलं की लाल रंग सोडतं. ते डोक्यावर धरायला बरं.

द्रोणात पाणी उकळतं का? निखाऱ्यावर ठेवला तर पाण्याखालचं पान जळत नाही, कारण पाणी उष्णता ओढून घेतं. पाण्याच्या रेषेवरची कड मात्र जळते, काड्याही जळतात, आणि काडी गेली की सगळा द्रोण निखाऱ्यात. मी तीनदा केलं, एकदा जमलं. त्या भरवशावर कुणी तहानलेलं राहू नये.

कळक

इथे थोडं थांबू, कारण माझं मत या बाजूला झुकलेलं आहे. पिणं, नेणं आणि उकळणं ही तिन्ही कामं थोडीथोडी करणारं हे एकटंच आहे, आणि तेही अर्ध्या तासात.

पण बांबू म्हणून जो दिसेल तो चालत नाही. माणगा आणि चिवा हे जवळजवळ भरीव असतात, काठीला उत्तम, भांड्याला निरुपयोगी. पोकळ हवा तो कळक, खालच्या फांद्यांना काटे असलेला. त्यातही जाड बुंध्याचा. हिशेब करून बघा: आतली पोकळी ५ सेंटीमीटर आणि पेर ३० सेंटीमीटर असेल तर साधारण ५९० मिलिलिटर पाणी बसतं. पोकळी ४ सेंटीमीटर झाली की तेच ३७५ वर येतं. बोटभराच्या फरकाने पाऊण तांब्याचा अर्धा तांब्या होतो.

गाठीच्या खाली दोन बोटं सोडून कापायचं, म्हणजे गाठ हाच तळ. वरची गाठ छाटून टाकली की उभा पेला झाला. वरची गाठ ठेवून तिला छिद्र पाडलं आणि पानाचा घट्ट बोळा बसवला की पाणी न्यायची नळी. कडेची धार दगडावर घासून घ्या, कळकाची ताजी कड ब्लेडसारखी ओठ कापते. आतला पांढरा पापुद्रा पहिल्या पाण्यात सुटतो, ते पाणी फेकून द्यायचं.

कोयता नसेल तर? दख्खनच्या खडकात गार, म्हणजे गारगोटी, मिळते, ती फोडली की तिची कपची धारदार निघते. तिने खाच करत गोल फिरायचं, किंवा त्या रेषेवर निखारे धरून जाळत जायचं. वेळ चौपट, हाताला फोड.

आता माझी फजिती. नळी करून आणली होती, पाणी भरलेलं होतं, बोळा बसवलेला होता. तशीच निखाऱ्यात आडवी ठेवली आणि लाकडं आणायला गेलो. मागे फटाका वाजावा तसा आवाज झाला, निखारे हातभर लांब उडाले आणि नळीच्या उभ्या दोन फाळ्या झाल्या. बंद पेर विस्तवावर ठेवलं की आतली वाफ ते फोडते. हे वाचून ठेवा आणि बोळा काढा. उकळायला वर उघडा पेला निखाऱ्याला तिरका टेकवायचा, किंवा आडव्या पेराच्या पाठीवर लांबट खिडकी कापायची. हिरवा कळक बाहेरून काळा पडतो, पण आत पाणी आहे तोवर टिकतो. एकाच पेल्यात माझे तीन-चार आधण निघाले आहेत, पुढे भिंत पातळ होऊन गळू लागते.

पुण्यात बुरूड आळीत बांबू मिळतो, पण तो बहुतेक वाळलेला. पाणी न्यायला चालेल, विस्तवावर लवकर जळतो आणि उभा चिरतो. शिवाय कीड लागू नये म्हणून औषध मारलंय का ते विचारल्याशिवाय त्यात पाणी पिऊ नका. हिरवा हवा तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचा मागून घ्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू कायद्याने झाड मानला जात नाही, वनखात्याच्या हद्दीतला तोडायला मात्र परवानगी लागते.

लाकडी वाडगा

यात सुख आहे, हे आधीच कबूल करतो. ओंडक्याची चीर घ्यायची, मधला गाभा टाळून, कारण गाभा असला की वाडगा तिथेच तडकतो. सपाट बाजूवर दोन-तीन निखारे ठेवायचे, काडीने दाबून धरायचे आणि फुंकणीने फुंकत राहायचं. लाकूड जळून खळगा पडतो, कोळसा दगडाने खरवडायचा, पुन्हा निखारे. फुंकणी कळकाच्या बारीक शेंड्याची करता येते. घाई करून एकाच जागी फुंकलं की तळाला भोक. माझा चारेकशे मिलिलिटरचा वाडगा साडेतीन तासांत झाला. त्याच मावशींना तो दाखवला तर म्हणाल्या, "एवढ्यात पन्नास पत्रावळी झाल्या असत्या."

पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड लवकर कोरतं. बिब्बा, कण्हेर आणि शेर यांच्या वाटेला जाऊ नका. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, कण्हेर सगळीच विषारी, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागतो. लाकूड ओळखता येत नसेल तर वाडगा करूच नका.

वाडगा विस्तवावर ठेवता येत नाही, त्यामुळे पाणी उकळायचं ते तापवलेल्या दगडांनी. दगड तासभर विस्तवात ठेवायचे, दोन हिरव्या काठ्यांनी उचलायचे, राख फुंकून पाण्यात सोडायचे. एक लिटर पाणी उकळीला आणायचं तर जवळपास ५०० अंशांपर्यंत तापलेला किलोभर दगड लागतो, आणि हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात वाफ, हवा आणि वाडगा आपापला वाटा घेतात, म्हणून दीड-दोन किलो धरा.

दगड कोणता, यावर हात-डोळे शाबूत राहणं अवलंबून आहे. ओढ्यातला गोटा नको, त्यात पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर तो फुटतो. कोरड्या जागेचा, एकजीव काळा पाषाण घ्या. आपल्याकडच्या पाषाणात पुष्कळदा पांढरे ठिपके आणि खळगे दिसतात, ते टाळा. त्यात जिओलाइट नावाची खनिजं असतात. पुण्याच्या आसपासच्या खाणी त्यांच्यासाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, वाघोलीचा निळा कॅव्हनसाइटही अशाच पोकळ्यांत सापडतो. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असं खनिज तापवलं, तेव्हा त्यातलं पाणी उकळून ते फसफसलं. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, अर्थ 'उकळणारा दगड'. पाणी उकळायला आपल्याला उकळणारा दगड नकोय, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

उकळी किती वेळ? खळखळून एक मिनिट. डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं हे खरं, तोरण्याच्या माथ्यावर, १४०३ मीटरवर, ९५ अंशांच्या आसपास. पण जास्त वेळ उकळायची शिफारस २००० मीटरच्या वर आहे, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच आहे. गढूळ पाणी मात्र आधी फडक्यातून गाळून घ्या.

माती

माती रानात अडकलेल्या माणसाच्या कामाची नाही. मडकं व्हायला आठवडा लागतो, आणि आठवडाभर एका जागी बसलेला माणूस अडकलेला नसतो, तो राहायला आलेला असतो. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तिथले लोक असेच राहायला आलेले होते. शेती, घरं, आणि लाल अंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी. तीन हजार वर्षांपूर्वीचं ते काम बघितलं की आपलं वाकडं बोळकं पिशवीतून काढावंसं वाटत नाही.

तरी शिकायचंच असेल तर घरी शिका. आपली काळी माती नुसती वापरली तर सुकताना इतकी आकसते की मडक्याला जाळीदार तडे जातात. तिच्यात बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळावी लागते. सावलीत निदान चार-पाच दिवस सुकवायचं, मग गोवऱ्यांत हळूहळू भाजायचं. ओल राहिली तर कळकासारखंच, वाफ फोडते. भाजलेलं मडकं बोटाने वाजवा. ठण आवाज आला तर पाणी भरा, थप आला तर कुंडी म्हणून वापरा. कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन एकदा हात चालताना नुसते बघितले तरी महिनाभराचे प्रयोग वाचतील.

भोपळ्याचा तुंबा आणि करवंटी यांबद्दलही विचारणा होते. करवंटी उत्तम, पण ती नारळाबरोबर येते आणि नारळ सिंहगडावर उगवत नाही. तुंबा वाळायला महिने जातात, आणि कडू भोपळ्याचा असेल तर कडवटपणा पूर्ण जाईपर्यंत त्यात पाणी पिऊ नये, तो विषारी असतो.

मग कोणतं?

पावसाळ्यात भटकणार असाल तर द्रोण. पाणी वरून पडतंच आहे, ते धरायला पान पुरतं, आणि ओल्या रानात विस्तव पेटण्याची खात्री नसल्याने उकळण्याचा प्रश्न तसाही मागे पडतो. हिवाळ्यात-उन्हाळ्यात जाणार असाल तर कळक, कारण तेव्हा पाणी एका टाक्यावर असतं आणि मुक्काम दुसरीकडे, म्हणजे नेणं हेच खरं काम. कळक उगवत नाही त्या भागात मुक्कामी राहायचं असेल, किंवा हाताने काही घडवण्यातच आनंद असेल, तर वाडगा. लहान मुलांना घेऊन बसायचं असेल तर मातीला तोड नाही, पण ते अंगणात.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी उलट्या क्रमाने शिकलो: आधी वाडगा, कारण तो दिसायला भारी, मग कळक, आणि द्रोण सगळ्यात शेवटी. तुम्ही द्रोणापासून सुरू करा, एका रविवारी हात बसतो. पुढच्या महिन्यात कळक. सराव शेतात किंवा अंगणात करा. वनखात्याच्या जागेत विस्तव करू नका, आणि झाडाची साल सोलून भांडं करायचे व्हिडिओ बघून इथल्या झाडांना हात लावू नका. ती करामत भूर्जासारख्या झाडांच्या पापुद्र्याची आहे. आपल्याकडच्या झाडाची साल गोल सोलली की झाड वाळतं. सॅकमधला स्टीलचा डबा मात्र राहू द्या, माझ्याही सॅकमध्ये असतो.