स्क्रूवाली कुत्र्याची शिट्टी: माल एक नंबर, डब्यावरचं सगळं खरं मानू नका

पितळेची, मागं स्क्रू आणि चेकनट (स्क्रू जागेवर घट्ट धरणारा नट) असलेली शिट्टी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातनं घेतली, रोज सकाळी रंकाळ्यावर वापरतोय, ५ पैकी ४ स्टार.

यात सेल नाही की चिप नाही, नुसती फुंकर. फुंकर बारीक फटीतनं पातळ होऊन येते, समोरच्या धारेवर आपटते आणि तिथं आत-बाहेर, आत-बाहेर डोलायला लागते, ती सेकंदाला किती वेळा डोलणार हे मागची छोटी पोकळी ठरवते, आणि स्क्रू आत घेतला की ती पोकळी आखूड होते. आवाजाचा वेग भागिले पोकळीच्या लांबीची चौपट, झालं गणित. ५ मिमीला साधारण १७ हजार हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा डोलणं), ४ मिमीला २१ हजारच्या वर (प्रत्यक्षात जरा कमीच येतं). आपल्याला फार तर २० हजारपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारच्या आसपास. म्हणजे सगळा खेळ एका मिलिमीटरचा! म्हणूनच मला हिचं काम आवडलं, धारेला बर (कापताना राहिलेली खरबरीत कड) नाही, आट्यात लूज नाही, उद्यमनगरच्या कारखान्यातला चांगला टर्नरपण नाव ठेवणार नाही असं.

१८७६ साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं ही शिट्टी काढली ती पण अशीच स्क्रूची, काठीच्या टोकाला बसवून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांजवळ न्यायचा आणि मुठीपाशी रबर दाबून वाजवायचा, कुणाचे कान हलतात बघायला. लई भारी डोकं!

आता एक स्टार का कापला. डब्यावर लिवलंय भुंकणं बंद होतं. तसं काय होत नाही ओ, कुत्र्याला तो फक्त एक आवाज आहे, त्याचा अर्थ आपण शिकवायचा. शिट्टी, आला की चिकनचा तुकडा, परत शिट्टी, असं रोज केलं तेव्हा आमचा टायगर यायला लागला. आणि लांबवर पोचते म्हणतात तेही सांभाळून घ्या, इतका बारीक आवाज हवेत लवकर विरतो, मध्ये भिंत आली तर अजूनच.

सेट करताना आधी आपल्याला ऐकू येईल इतका स्क्रू सैल ठेवा, मग हळूहळू आत घ्या, कुत्र्याचे कान बघा आणि मिळाली जागा की चेकनट आवळून टाका, नायतर खिशात फिरून सेटिंग बदलतं. फुंकर रोज सारखीच मारा, जोरात मारली की सूर चढतो. फटीत थुंकी साठली तर वाजत नाही, झटकून पुसून ठेवा. आणि कुत्र्याच्या कानाजवळ अजिबात वाजवू नका, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे आवाज लहान आहे असं नसतं.